ऐच्छिक

महापे एमआयडीसी, दुसरा मजला. खाली रबरी गास्केटांचा कारखाना,
तिनाच्या पाळीनंतर त्याचा वास जिन्यावरून वर येतो.
टेबलावर पाण्याच्या मीटरचा बोर्ड, झाकण काढलेला,
एकच हिरवा दिवा उघडमीट करतोय
चिखलातल्या निवट्याच्या डोळ्यासारखा.

कर्नल मावत नाही.
अकराशे बाइट जास्त. फक्त अकराशे.
शेणॉय म्हणाले, मढवी, काय काढता येतं बघ.

बघितलं.
कोपऱ्यात बसली होती चूक सुधारणारी,
दोनशे छप्पन्न खान्यांचा तक्ता मांडीवर घेऊन.
दर दोनशे छप्पन्न बाइटांमागे तीन बाइटांची साक्ष लिहायची,
वाचताना पुन्हा मोजायचं, दोन्ही ताडून बघायचं.
एक बिट फिरला तर कुठला ते नेमकं सांगते,
गुपचूप सरळ करते.
दोन फिरले तर हात वर: चुकलंय, कुठे ते ठाऊक नाही.
तीन फिरले की मात्र
तिला स्वतःलाच भास होऊ शकतो,
चांगला बिट उलटा करून ती म्हणते, झालं दुरुस्त.

नव्या चिपला तिची गरज नाही.
तिथला कंट्रोलर हे सगळं आतल्या आत निस्तरतो.
तरी ही प्रत्येक बोर्डात भरलेली,
कुणी विचारलंच नाही, हवी आहेस का.

माझ्यात बसवली गुळवणी बाईंनी. पाचवी ब.
पानी नाही गं, पाणी. म्हण. लोनी नाही, लोणी.
जीभ मागे वळव. अजून मागे.
गोठिवलीची आम्ही चार पोरं, पहिल्या बाकावर
जीभ वळवत उभी.
तेव्हापासून ओठांपाशी येणारा शब्द
आधी मोजला जातो.
इंटरव्ह्यूत मोजला, लग्नाच्या बोलण्यांत मोजला,
ऑफिसच्या डब्यात सुकट असताना तर दोनदा मोजला.

मीटरच्या पडद्यावर दोनच ओळी येतात:
पाणी चालू. पाणी बंद.
दुपारी उगाच त्यातली अक्षरं सोळाच्या आकड्यांत उघडली.
ण ला A3. न ला A8.
कागदावर एकाखाली एक लिहून बिट ताडले.
तीन फरक.
पुन्हा ताडले. तीनच.

म्हणजे तिच्या आवाक्याबाहेरचं होतं हे.
मी बराच वेळ पेन हातात धरून बसले.

मग काम केलं.
मेन्यूत एक ओळ वाढवली, तिच्याखाली मदतीच्या चार ओळी:
तुमची चिप स्वतः दुरुस्ती करत असेल तर नको म्हणा.
जिथे जिथे तिला हाक मारली जायची
तिथे आधी विचारणं घातलं, आहेस का?
नसेल तर मुकाट पुढे जायचं नाही,
बांधणी तिथेच थांबेल, कारण सांगून.

शेणॉय म्हणाले, न विचारता काय धरायचं? बंद?
मी म्हटलं, चालू.
गोठिवलीच्या गल्ल्यांत नऊशे जुने मीटर आहेत,
त्यांच्यात दुसरं कुणी नाही सांभाळायला,
आणि फ्लॅशही म्हातारी होत आलीय.
ज्याला नको त्याने नको म्हणावं.
ज्याला हवी त्याला मागावी लागू नये.
ते चष्मा पुसत राहिले. बरं, म्हणाले.

नव्या बोर्डासाठी नको म्हटलं.
पंखा फिरला, ओळी सरकल्या.
मर्यादेच्या आत, दोनशे बारा बाइट शिल्लक.

तेवढ्यात बा चा फोन.
पानी गेलाय गं सकालपासून. तुज्या मीटरला इचार, कवा येल.
शेजारच्या टेबलावर टायपिंग थांबलं होतं.
शब्द ओठांपाशी आला,
मी मोजायला घेतलं, आणि राहू दिलं.

येल रं बा, म्हटलं,
पिंप भरून ठेव,
पानी येल.